घरात तेलुगू, पुस्तकात मराठी आणि मधे अडकलेला क्ष

पत्र थोडक्यात:

सोलापूरच्या पूर्व भागातून एका आईचं पत्र आलं आहे. नवरा यंत्रमागावर कामाला, त्या स्वतः घरी टॉवेलला शिलाई मारतात. घरात तेलुगू बोलतात, मुलगी मराठी माध्यमात नववीला आहे. त्या लिहितात: "तिला नुसतं समीकरण दिलं की चटकन सोडवते. तेच वाक्यात दिलं की पेन खाली ठेवते. परवाच्या चाचणीत शाब्दिक उदाहरणांची जागा कोरी सोडून आली. एकच लिहिलं, तेही चुकलं." क्लासच्या सरांचं म्हणणं, घरी तेलुगू म्हणून मुलीचं मराठी कच्चं, आणि मराठी कच्चं म्हणून गणित अडतं. ते ऐकून नवऱ्याने घरात तेलुगू बंद असं जाहीर केलं. आजीला मराठी जेमतेम येतं, ती रुसून बसली आहे. जाऊबाई म्हणतात सेमी इंग्रजीत घाला, कटकट मिटेल. मुलगी म्हणते, बाकी सगळं येतं, तेवढी उदाहरणं ऑप्शनला टाकते. "आम्ही दोघंही दहावीच्या पुढे गेलो नाही. आम्हाला ते क्ष आणि य शिकवता येत नाहीत. काय करू?"

ताई,

पत्रासोबत वहीच्या पानाचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. नुसता तो फोटो आला असता तरी मला बरंचसं उत्तर देता आलं असतं. इतर वाचकांसाठी ते उदाहरण इथे उतरवते. पुस्तकात एक्स आणि वाय असतात, मी तुमच्यासारखंच क्ष आणि य लिहिते.

"दोन संख्यांची बेरीज ५२ आहे. मोठी संख्या लहान संख्येच्या तिपटीपेक्षा ४ ने जास्त आहे. तर त्या संख्या काढा."

तुमच्या लेकीने मोठी संख्या क्ष मानली, लहान य. पहिली ओळ लिहिली, क्ष + य = ५२. बरोबर. दुसरी ओळ लिहिली, क्ष + ४ = ३य. मग दोन्ही समीकरणं सुबक सोडवून ३८ आणि १४ असं उत्तर काढलं. त्यावर लाल काट, शेजारी '४० व १२', आणि खाली शेरा: 'नीट वाचून सोडव.'

आता मला सांगा, यात मराठी कुठे कच्चं आहे? बेरीज कळली. मोठी कोण, लहान कोण ते कळलं. तिप्पट कळली, आणि ती लहान संख्येची करायची हेही कळलं. '४ ने जास्त' मधले चारसुद्धा तिने सोडले नाहीत, फक्त चुकीच्या ताटात वाढले. मोठी संख्या आधीच चारने पुढे आहे. बरोबरी साधायची तर चार पलीकडच्या बाजूला घालायला हवेत, म्हणजे क्ष = ३य + ४. हिने 'मोठी' आणि 'जास्त' एका दमात वाचलं आणि अधिकचं चिन्ह मोठीलाच जोडून टाकलं.

ही चूक तेलुगू घराची नाही, असं मी ठामपणे म्हणते. १९८० च्या सुमारास अमेरिकेत जॉन क्लेमेंट या अभ्यासकाने इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना एक साधं वाक्य दिलं होतं: या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, समीकरण लिहा. एक तृतीयांशाहून जास्त मुलं चुकली, आणि चुकलेल्यांपैकी बहुतेकांनी सहाचा आकडा उलट्या बाजूला लावला होता. इंग्रजीच बोलणारी, गणित घेऊन पुढे आलेली मुलं ती. त्यांच्या घरी कुणी भाषा बंद करायला सांगितली नाही.

हेच सोलापुरी करून बघा. 'कारखान्यात विणकरांच्या चौपट माग आहेत.' विणकरांची संख्या व, मागांची म. दहातली कितीतरी मुलं ४म = व असं लिहितील. कारण त्यांच्या डोळ्यापुढे चार माग आणि एक विणकर असं चित्र येतं, आणि ते चित्रच ती कागदावर उतरवतात. म म्हणजे 'माग' असं त्यांनी वाचलेलं असतं. म म्हणजे मागांची संख्या. पाच विणकर असतील तर माग वीस. घाला बरं ४म = व मध्ये: ऐंशी बरोबर पाच! म = ४व मध्ये घातलं की वीस बरोबर वीस. आकडे घालून बघण्याचं हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे, पण ते करायचं असतं हेच बहुतेक मुलांना कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून तेलुगूवरची बंदी आजच उठवा. तुमच्या यजमानांचा हेतू चांगला आहे, पण आजीचं नातीशी बोलणं तुटेल आणि ते चार होते तिथेच राहतील.

भाषेचा गणिताशी काहीच संबंध नाही असंही मी म्हणत नाही. क्रमागत, व्यस्त, अनुक्रमे, अंश, छेद, दशकस्थानचा अंक, '५ ने मोठी' आणि '५ पट मोठी' यांतला फरक, हे शब्द यायलाच हवेत. पण ते मराठी घरात तरी जेवताना कोण बोलतं? ही पुस्तकाची मराठी आहे, ती सगळ्याच मुलांना शिकावी लागते. असे फार तर पंचवीस-तीस शब्द निघतील. वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक शब्दापुढे आकड्यांचं एकेक उदाहरण लिहून ठेवायचं. व्याख्या नको. 'क्रमागत सम संख्या: १४, १६, १८' एवढं पुरे.

उलट एका ठिकाणी तुमची तेलुगू कामाला येणार आहे. दोन अंकी संख्यांची उदाहरणं आठवा: 'एका दोन अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ९ आहे. अंकांची अदलाबदल केली तर मिळणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने मोठी आहे.' दशकस्थानी क्ष आणि एककस्थानी य मानून मुलं संख्या 'क्षय' अशी लिहितात. तो झाला क्ष गुणिले य. (पुष्कळांच्या मार्कांना क्षय लागतो तो इथेच.) संख्या लिहायला हवी १०क्ष + य. मराठीत छत्तीस म्हणताना सहा आधी येतो आणि तीस मागून. तेलुगूत तीस आधी आणि सहा नंतर, म्हणजे नेमकं १०क्ष + य. लेकीला सांगा, दोन अंकी संख्या आली की मनात तेलुगूत म्हण आणि तशीच लिही. मग १०य + क्ष = १०क्ष + य + २७, त्यातून य − क्ष = ३, आणि बेरीज ९ म्हणून संख्या ३६. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता! पूर्व भागातल्या आज्या पिढ्यान्‌पिढ्या तसंच मोजत आल्या आहेत.

आता मूळ दुखण्याकडे येते. माझा अंदाज आहे की तुमच्या मुलीला खूण-शब्दांचा तक्ता पाठ करून दिलेला असणार: जास्त म्हणजे अधिक, कमी म्हणजे वजा, पट म्हणजे गुणिले. बऱ्याच क्लासांत तो भिंतीवरच असतो. मला तो अजिबात आवडत नाही. 'माझ्याकडे तुझ्यापेक्षा ५ रुपये जास्त आहेत. माझ्याकडे ३० आहेत, तर तुझ्याकडे किती?' वाक्यात 'जास्त' आहे आणि करायची आहे वजाबाकी. तक्ता पाठ असलेलं मूल ३५ म्हणतं. तक्त्याने मुलं वाक्य वाचायचीच सोडतात, शब्द शोधतात आणि आकडे उचलतात. फ्रान्समध्ये १९८० च्या आसपास प्राथमिकच्या मुलांना विचारलं होतं, जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांचं काहीतरी करून वय काढून दिलं.

यावर मला भरवशाचा वाटणारा उपाय एकच आहे. तो तुम्ही दहावीपुढे न शिकताही करून घेऊ शकता. उदाहरण वाचल्यावर क्ष मानायचाच नाही. आधी उत्तर ठोकायचं.

५२ चंच उदाहरण घ्या. मुलीला म्हणा, लहान संख्या १० आहे असं धर. मग मोठी किती? दहाची तिप्पट ३०, त्यापेक्षा ४ जास्त म्हणजे ३४. दोन्हींची बेरीज? ४४. हवी होती ५२, कमी पडली. बरं, १५ धर. तिप्पट ४५, चार जास्त ४९, बेरीज ६४. फार झाली. हे सगळं तिला कागदावर लिहायला लावा, एकाखाली एक, उत्तर न काढता, अशा तऱ्हेने:

१० + (३ × १० + ४), हवेत ५२
१५ + (३ × १५ + ४), हवेत ५२

आणि तिसऱ्या ओळीत म्हणा, आता मला संख्या माहीत नाही, पण तू मघाशी जे केलंस तेच कर:

क्ष + (३क्ष + ४) = ५२

झालं समीकरण. ४क्ष = ४८, लहान संख्या १२, मोठी ४०. इथे '४ ने जास्त' कुठे घालायचं हा प्रश्नच उभा राहत नाही. दहा धरून ३४ काढताना तिने चार योग्य जागी घातलेलेच असतात. आकडा हातात असला की मूल सहसा चुकत नाही, अक्षर आलं की चुकतं. म्हणून आकड्याने वाट करून घ्यायची आणि त्याच वाटेने अक्षर न्यायचं. आपण उत्तर आल्यावर ताळा करतो ना? समीकरण म्हणजे तोच ताळा, उत्तर यायच्या आधी लिहून ठेवलेला.

या दोन ओळींत आणखी एक गंमत आहे, ती तिला स्वतःला सापडू द्या. १० वरून १५ वर गेलो, पाच वाढले, तर बेरीज ४४ वरून ६४ झाली, वीस वाढले. म्हणजे एकामागे चार. ४४ ला ५२ करायला आठ हवेत, म्हणजे दोनने पुढे जा: बारा. ४क्ष मधला ४ म्हणजे हाच. हे ज्या मुलीला दिसलं तिला सहगुणक म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही.

कुणी म्हणेल, अंदाज धरणं ही काय रीत झाली? पण भास्कराचार्यांनी ११५० साली याच युक्तीला इष्टकर्म म्हणून रीतसर जागा दिली आहे. त्यांच्या भुंग्यांच्या उदाहरणात थव्याचा पाचवा भाग एका फुलावर जातो, तिसरा भाग दुसऱ्यावर, या दोन भागांतल्या फरकाची तिप्पट तिसऱ्यावर, आणि एक भुंगा उरतो. ३० धरून बघा: ६, १० आणि १२, मिळून २८, उरले २. उरायला हवा होता एक, म्हणून निम्मे, १५. मात्र ५२ च्या उदाहरणात हे निम्मं-दुप्पट चालत नाही, तिथला वेगळा ४ ते बिघडवतो. अशा वेळी क्ष लागतो. बीजगणितात एकाहून जास्त अज्ञात आले की जुने गणिती त्यांना काळा, निळा, पिवळा अशी रंगांची नावं देत. तुमच्या लेकीला क्ष आणि य कोरडे वाटत असतील तर कच्च्या वहीत तिने लहानला ल आणि मोठीला म म्हणावं, काही बिघडत नाही. अट एकच, वर पूर्ण ओळ हवी: 'लहान संख्या ल मानू.' 'टॉवेल ट मानू' असं चालणार नाही, 'टॉवेलची संख्या ट मानू' असं हवं. मागांचा घोळ होतो तो या एका शब्दावाचून. शिवाय परीक्षेत टप्प्यांना गुण असतात, कोऱ्या जागेला काहीच मिळत नाही.

टॉवेलवरून आठवलं. 'आम्हाला शिकवता येत नाही' हे तुमचं वाक्य मला मान्य नाही. समजा तुमच्याकडे ४० टॉवेलचा गठ्ठा आला. मोठ्याची शिलाई ३ रुपये, लहानाची २. मजुरीचे ९५ रुपये हातात पडले. मोठे किती होते? तुम्ही कागद न घेता सांगाल: सगळे लहान असते तर ऐंशी झाले असते, पंधरा वर आले, मोठ्यामागे रुपया जास्त, म्हणजे मोठे पंधरा, लहान पंचवीस. शाळेत याचंच म + ल = ४० आणि ३म + २ल = ९५ होतं. पहिल्या समीकरणाला दोनने गुणून दुसऱ्यातून वजा केलं की म = १५. ऐंशी आणि पंधरा तेच, फक्त कागदावर आले. एका संध्याकाळी शिलाई करता करता हा हिशोब तिला तोंडी सांगा, तेलुगूतच सांगा, आणि मग म्हणा, आता हे तुझ्या वहीच्या भाषेत लिहून दाखव. आजीलाही त्यात घ्या. उदाहरण वाचून झाल्यावर मुलीने ते आजीला आकड्यांशिवाय सांगायचं: 'दोन संख्या आहेत, एक मोठी, ती दुसरीच्या तिपटीहूनही थोडी जास्त आहे.' असं सांगता आलं की वाक्य कळलं. अडखळली, तर नेमकी कुठे अडखळली ते तुम्हालाही ऐकू येईल.

ते जमायला लागलं की उलटा खेळ खेळा. तिला समीकरण द्या, ३क्ष + २० = ११०, आणि सोलापुरातलं उदाहरण रचायला सांगा. गड्ड्याच्या जत्रेत तीन पाळण्यांत बसले, तिकीट सारखंच, वर वीस रुपयांची भेळ खाल्ली, एकूण एकशे दहा गेले. पाळणा तीस रुपये. स्वतः चार-पाच उदाहरणं रचली की पुस्तकातल्या उदाहरणांचा धाक निम्मा होतो.

आता जाऊबाईंच्या सल्ल्याबद्दल. सेमी इंग्रजी वाईट नाही, आणि अकरावीला सायन्स घेतलं तर गणित इंग्रजीतून येणारच. पण नववीच्या मध्यावर, तेही शाब्दिक उदाहरणं अडतात म्हणून, हा बदल करू नका. 'क्ष पेक्षा ४ ने कमी' हे मराठीत ज्या क्रमाने बोलतो त्याच क्रमाने लिहितो, क्ष − ४. तेलुगूतही तसंच. इंग्रजीत 'फोर लेस दॅन एक्स', चार आधी येतो, आणि मुलं धडाधड ४ − क्ष लिहितात. ज्या खड्ड्यातून तिला काढायचं आहे त्याहून खोल खड्डा आहे तो. हवं तर तिने मागच्या पानावरच्या शब्दांपुढे इंग्रजी शब्द आत्तापासून लिहीत जावेत, दहावीनंतर उपयोग होईल.

ऑप्शनला टाकण्याचं मात्र मनातून काढून टाका. दहावीच्या गणित भाग १ चा पहिलाच धडा दोन चलांतल्या रेषीय समीकरणांचा आहे. पुढे वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, सगळीकडे वाक्यं येतात. ४० गुणांच्या पेपरात एवढं सोडून चालत नाही.

रोज एकच उदाहरण, पण पूर्ण: अंदाजाच्या दोन ओळी, मग क्ष, मग सोडवणं, मग ताळा. ताळा समीकरणात घालून करायचा नाही, वाक्यात घालून करायचा. तुमच्या लेकीचे ३८ आणि १४ तिच्या समीकरणात चपखल बसतात, कारण समीकरणच चुकलं होतं. वाक्यात घातले असते तर चौदाची तिप्पट ४२ आणि मोठी संख्या ३८, जास्त असायची ती कमी निघाली, हे तिच्या तिलाच दिसलं असतं.

सरांना एकदा वही घेऊन भेटा. भांडायला नको. तेच पान उघडा आणि विचारा, यातला कोणता शब्द तिला कळला नाही? त्यांनी शब्द दाखवला तर तो मागच्या पानावर लिहून घ्या. दाखवता आला नाही, तर त्यांना ही दुसरी ओळ तिच्यासमोर बसून दुरुस्त करायला सांगा. तेवढी सवड क्लासला नसेल, तर पुढच्या महिन्याची फी भरण्याआधी दुसरा क्लास बघा.